घरी इतिहास शिकवताना 'आपले लोक' नेमके कोण?

ओसरी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आम्ही पुण्यात राहतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात. दोघांनाही घरीच शिकवतो. घर ख्रिस्ती, सासूबाई-सासरे सोबत. इतिहास आम्ही पाठ्यपुस्तकातून न शिकवता 'जिवंत पुस्तकां'मधून शिकवतो. म्हणजे रोज वीसेक मिनिटं मी वाचते, मुलं ऐकतात आणि वाचून झालं की ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतात. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा भरा नाही. पुस्तकांची यादी एका अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाची, डॉलर मोजून घेतलेली. यादीत बरीच पुस्तकं शंभर वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली आहेत. भाषा सुरेख, गोष्ट सांगण्याची हातोटी तर विचारूच नका.

परवा १८५७ आलं. इंग्लंडचा इतिहास गोष्टीरूपाने सांगणारं १९०५ सालचं पुस्तक आहे, त्यातलं लखनौच्या वेढ्याचं प्रकरण वाचलं. लेक मन लावून ऐकत होती. मग सांगायला लागली, "आपले लोक आत कोंडले गेले होते. खायला नव्हतं. बायका रडत होत्या. आणि मग लांबून बॅगपाइपचा आवाज आला आणि आपल्या लोकांना कळलं की आता सुटका होणार."

झोपाळ्यावर सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "आपले लोक म्हणजे कोण गं?"

लेक म्हणाली, "आतले."

ते काही बोलले नाहीत. पेपर पुन्हा वर गेला. पण मला दिवसभर काही सुचेना. तिचं काही चुकलं नव्हतं. पुस्तक जिवंत होतं म्हणूनच ती आत कोंडलेल्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. जिवंत पुस्तकाचं कामच ते. पाठ्यपुस्तकातला '१८५७ची कारणे व परिणाम' हा धडा असता तर असं झालंच नसतं, कारण मुळात काहीच झालं नसतं.

आता मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मराठीतली अशी पुस्तकं, जी ख्रिस्ती घरात इतिहास म्हणून वाचता येतील. दोन, गोव्याचं इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय), धर्मांतरं, मिशनरी आणि कंपनी सरकार हे सगळं दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? ते गाळून पुढे जायची माझी तयारी नाही. आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा सल्ला होता, "लहान आहे, चांगलं तेवढं सांग." तो काही पचला नाही.

---

पाटीपेन्सिल

ताई, 'जिवंत पुस्तक' म्हणजे नक्की काय? आमच्याकडे सगळी मेलेलीच आहेत, पोरगं हात लावत नाही. :)

---

ओसरी

हाहा. शब्द मूळ शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षिकेचा (१८४२–१९२३). इंग्लंडच्या सरोवरांच्या भागात अँबलसाइड नावाचं गाव आहे, तिथे १८९२ मध्ये तिने घरी शिकवणाऱ्या बायकांसाठी प्रशिक्षणाची संस्था काढली. घरच्या शिक्षणावरचं तिचं पहिलं पुस्तक १८८६चं. मूल म्हणजे भरायचं मडकं नव्हे, ते जन्मतःच पूर्ण माणूस आहे आणि माणसाच्या मनाला विचार खायला लागतात, असं तिचं म्हणणं.

जिवंत पुस्तक म्हणजे विषयावर जीव असलेल्या एका माणसाने लिहिलेलं. समितीने लिहिलेलं नव्हे, मुद्द्यांची चटणी नव्हे आणि लहान मुलांसाठी म्हणून पाणचट केलेलंही नव्हे. वाचायचं एकदाच. दुसऱ्यांदा वाचणार हे कळलं की मूल पहिल्यांदा ऐकतच नाही (करून बघा). मग सांगणं. इंग्रजीत त्याला 'नॅरेशन' म्हणतात, आमच्या घरी 'सांगणं'च म्हणतात. धाकटा बोलायला कंटाळतो, तो चित्र काढतो किंवा उशा रचून किल्ला करतो. तेही चालतं.

आणि एक 'शतकांची वही'. एका शतकाला समोरासमोरची दोन पानं. जे वाचलं त्यातलं एखादं माणूस, एखादी वस्तू, तिच्या पानावर चितारायची. वर्षानुवर्षं एकच वही.

---

तर्कटराव

पद्धत छान आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'ख्रिस्ती घरात इतिहास' हे वाचून थबकलो, म्हणजे ख्रिस्ती दृष्टिकोनातून इतिहास ना? आम्ही इतकी वर्षं 'हिंदू दृष्टिकोनातून इतिहास' म्हटलं की ओरडतो ना? चष्मा तो चष्माच. मग ज्ञानेश्वर, बसवेश्वर, अकबर यांना तुम्ही कुठल्या नंबरमधून बघणार? इतिहास हा इतिहास असू द्या की.

(खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.)

---

नगरी_खिडकी

ओसरीताई, सलाम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सासूबाईंच्या कपाटात असण्याची शक्यता दाट आहे : लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ च्या दरम्यान भागाभागाने आलेलं. सगळे तिला साहित्य म्हणून वाचतात. मी माझ्या मुलांना ती इतिहास म्हणून वाचून दाखवली.

आणि गंमत बघा, तुमचं १८५७ तिथे पहिल्याच पानांत आहे. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, नानांच्या, डोक्यात सोवळ्याचं खूळ शिरलं आणि ते घरभर पसरलं. बाजारातून येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. अगदी मीठ, साखरसुद्धा. घरातल्या बायकापोरांचे हाल काय झाले असतील ते बाई हसत हसत सांगतात. पण वाचताना मधेच आपलं हसू थांबतं.

लखनौच्या बॅगपाइपसमोर हे ठेवा. तिथे वेढ्यात अडकलेली माणसं, इथे नाशिककडच्या एका घरात त्याच बंडाने पुढची कितीतरी वर्षं मांडलेला छळ. दोन्ही खरं. तुमची लेक दोन्हीकडे 'आत' जाऊन येईल.

पुढे नारायण वामन टिळकांचा १८९५ मधला बाप्तिस्मा, नवराबायकोची ताटातूट, मग १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा स्वतःचा निर्णय. त्यातही जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला, हे त्यांना कसं उमगलं तो भाग जरूर वाचा. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, बाईंनी एकटीने बसून केलेला विचार आहे तो. माझ्या मुलाने तो सांगताना एकच वाक्य सांगितलं, पण बरोबर तेच.

सगळं पुस्तक सलग वाचू नका. वाचताना निवडा. टिळकांचा तऱ्हेवाईकपणा मुलांना फार आवडतो, त्यामुळे आमच्याकडे महिनाभर 'टिळक आज काय हरवणार' हाच विषय होता.

---

ओसरी

नगरी_खिडकी, मी लाजेने पाणी पाणी झाले आहे. पुस्तक सासूबाईंच्या कपाटात आहेच. डॉलर मोजले मी.

तर्कटराव, प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर देते. ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे ख्रिस्ती माणसं चांगली, बाकीची वाईट, असं मी मानत नाही. तसं मानायचं तर आधी बायबलच बंद करावं लागेल. दावीद राजा आमच्याकडे केवढा मोठा! पण त्याने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे धाडून मारवलं, हे बायबलच्या 'दुसरे शमुवेल' या पुस्तकात धडधडीत लिहिलं आहे. नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर "तो मनुष्य तूच" म्हणतो. ज्या शास्त्राने आपल्या सर्वांत लाडक्या राजाचं झाकलं नाही, ते मानणाऱ्या घरात गोव्याचं झाकायचं कुणासाठी?

दुसरं, प्रत्येक धड्याच्या शेपटाला एक वचन चिकटवलं की इतिहास ख्रिस्ती होतो, असं मेसनबाईंनाही वाटत नव्हतं. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्लामध्ये एक भित्तिचित्र आहे, त्याबद्दल त्यांनी लिहिलंय. वरून पवित्र आत्मा उतरतो आहे आणि खाली व्याकरण, गणित, संगीत अशा सगळ्या विद्या बसल्या आहेत. सगळं ज्ञान एकाच देवाकडून येतं, मग ते कोणाच्याही तोंडून येवो. तेव्हा ज्ञानोबांचं काय करायचं, हा प्रश्न आम्हाला पडत नाही. ना. वा. टिळक स्वतःच म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. पूल पाडून कसं चालेल?

---

कुपारी

वसईतून. आमच्याकडे हा 'आपले लोक कोण' प्रश्न दर वर्षी येतो, कारण आमची पोरं मराठी शाळेत जातात आणि पुस्तकात मे १७३९ येतं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीजांची दोनशे वर्षांची सत्ता गेली (१५३४ पासूनची). वर्गात टाळ्या. आमचा पोरगा ख्रिस्ती, आडनाव पोर्तुगीज, भाषा मराठीची बोली आणि आवडता राजा शिवाजी. तो टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन विचारतो, "डॅड, आपण हरलो का जिंकलो?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. आधी किल्ल्यात नेलं. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात. (हळूच करा, खडू वापरू नका.) मग दिवाळीच्या सुट्टीत वाईजवळ मेणवलीला नेलं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर देऊळ आहे. तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारियाबाई आणि साल १७०७. वसईच्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर आहे ती १७२१ची. भीमाशंकरलाही एक आहे.

पोराने मारियेच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. खूप वेळ फिरवत होता. मग म्हणाला, "वितळवली नाही त्यांनी."

एवढंच. मी त्यावर काही बोललो नाही. वितळवून तोफ करता आली असती, हे त्याचं त्यालाच सुचलं होतं.

पुस्तकांचं म्हणाल तर बायबल मराठीत कसं वाचावं हे आमच्या फादर दिब्रिटोंकडून शिकावं. 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण त्यापेक्षा, ते धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले हा २०२०चा प्रसंगच आमच्या शतकांच्या वहीत गेला. धर्मगुरू मराठी साहित्याच्या व्यासपीठावर. पोराने पांढरा झगा आणि हातात पेन काढलं आहे.

---

साष्टीकार

गोव्याचं मी सांगतो, कारण ते आम्हाला टाळता येत नाही. मडगावहून कुंकळ्ळी अर्ध्या तासावर.

दहा वर्षांच्या मुलीला इन्क्विझिशन 'विषय' म्हणून सांगू नका. एका माणसाच्या मागे मागे जा. मी रुदोल्फ अक्वाविव्हा घेतला. इटलीतला उमराव घराण्यातला तरुण जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री. १५८० मध्ये अकबराच्या दरबारात, फतेहपूर सिक्रीला, मुल्ला-पंडितांबरोबर चर्चेला बसलेला. मुलांना अकबर आधी माहीत असतो, त्यामुळे ती लगेच आत शिरतात. तिथून तो १५८३ मध्ये गोव्यात परत येतो आणि त्याच जुलैमध्ये चार सोबत्यांसह कुंकळ्ळीला मारला जातो. का? कारण त्याआधी साष्टीतली (हा दक्षिण गोव्यातला भाग) देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती, गावकऱ्यांचा राग साठलेला होता आणि हे पाद्री तिथे चर्च कुठे बांधायचं ते बघायला आले होते.

इथे थांबलात तर ती हुतात्म्यांची गोष्ट होते. बरीच धार्मिक पुस्तकं इथेच थांबतात. पुढे वाचा. पोर्तुगीजांनी गावातल्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि ठार मारलं. चौकशी नाही, खटला नाही. आज गावात दोन्हींची स्मारकं आहेत. मी मुलांना दोन्हीकडे नेलं. एका ठिकाणी मेणबत्ती लावली. दुसऱ्या ठिकाणी काय करायचं ते मुलीने ठरवलं, तिने टोपी काढली.

आता इन्क्विझिशन. १५६० ला सुरू, मधली काही वर्षं सोडून १८१२ पर्यंत. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते की त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्या लोकांवरच होता. नवे ख्रिस्ती जुनं काही पाळतात का, यावर पाळत. यातनांचं वर्णन मी केलं नाही, लहान वयात त्याची गरज नाही. मी १७३६चा हुकूम सांगितला. अंगणात तुळस लावायची नाही. धोतर नेसायचं नाही. आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवायचा नाही. मुलांना तोफा-तलवारी कळायला वेळ लागतो, पण आजीच्या भाताच्या टोपात सरकारने डोकावणं लगेच कळतं.

आणि याच साष्टीत, याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये येतो, मराठी शिकतो आणि 'क्रिस्तपुराण' रचतो. १६१६ मध्ये रायतूरला छापलं. ओवीबद्ध. त्याच साली तिकडे शेक्सपियर वारला, इकडे तुकोबा अजून पोरसवदा. वहीच्या एकाच पानावर तिघं येतात. त्यातल्या मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या माझ्या मुलीला पाठ आहेत, पाठ करायला सांगितल्या नव्हत्या. ज्या राजवटीने पुढे १६८४ मध्ये लोकांची भाषाच बंद करायचा हुकूम काढला, तिच्याच छायेत हा माणूस त्या लोकांच्या भाषेची आरती ओवाळत होता. हे दोन्ही एका घरात मावतं का, असं मुलीने विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरात मावलंय.

---

तर्कटराव

एकीकडे मीठ धुणारे नाना आणि दुसरीकडे भातात मीठ घातलं की नाही हे बघणारे पाद्री. धर्म कुठलाही असो, शेवटी स्वयंपाकघरातच येऊन बसतो.

माझा आक्षेप थोडा मागे घेतोय. थोडाच. शिवाजी महाराजांचं काय करता?

---

जुनं_बाड

यात पडायचं नव्हतं, पण राहवेना.

महाराजांचं : महाराष्ट्रातली मुलं चौथीला 'परिसर अभ्यास भाग दोन' मधून शिवचरित्र शिकतात, ते पुस्तक घरी शिकवणाऱ्यांनीही घ्यावं, सरकारी म्हणून नाक मुरडू नये. त्याला जोड म्हणून एक समकालीन नोंद. फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य तेव्हा हिंदुस्थानात होता. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही, फिरंगी पाद्री भले लोक आहेत असं म्हटलं, असं तो लिहितो. ख्रिस्ती घरात हे वाचताना मूल आपोआप ताठ बसतं. मात्र त्याच वेळी सुरतेच्या बाकीच्या लोकांचं काय झालं तेही त्याच पानावर वाचा. नाही तर 'आमच्या पाद्र्याला सोडलं म्हणून राजा चांगला' असा हिशेब होईल.

जिवंत पुस्तकांबद्दल एक सावधगिरी. गोष्ट जितकी रसाळ तितकी ती तपासायला हवी. रसाळपणा हा पुरावा नव्हे. मुलाने 'सांगून' झाल्यावर मी एकच प्रश्न विचारतो : "हे लिहिणाऱ्याला कसं कळलं?" स्वतः पाहिलं, ऐकलं, की शंभर वर्षांनी वाचून लिहिलं? लक्ष्मीबाई स्वतःच्या घराबद्दल लिहितात तेव्हा त्या साक्षीदार. आजोबांच्या फाशीबद्दल लिहितात तेव्हा त्या ऐकलेलं सांगतात. एकाच पुस्तकात दोन्ही. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो, माझ्या नातवाला कळला.

आणि ओसरीबाई, तुमच्या यादीत अमेरिकेचा इतिहास असणारच. तो अमेरिकन पुस्तकातूनच का वाचता? पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात हजर होत्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक काढलं. अमेरिका आपल्या डोळ्यांनी बघितलेली. त्याच वर्षी ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदासदन उघडलं.

रमाबाई मुलींना विशेष आवडतील, कारण त्या कोणाचंच मुकाट ऐकत नाहीत. पुण्याने टीका केली, तिला त्या पुरून उरल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या भगिनींनाही सरळ प्रश्न. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? आणि जेवण शेवटपर्यंत शाकाहारी. ख्रिस्ती होणं आणि इंग्रज होणं वेगळं, हे याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

---

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. पोराला आज मीठ धुण्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच "पुढे?" म्हणाला.

---

वाळवंटी

मस्कतहून. इथे भारतीय शाळेतून काढून घरी शिकवायचा विचार चालू आहे. परीक्षेचं काय करता? बाकी चर्चा नंतर वाचते.

---

ओसरी

वाळवंटी, आम्ही पुढे एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी देणार. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ते विषयांतर होईल. इतिहासाला मात्र त्याची काळजी करू नका, वर्षभरात तो अभ्यास होतो.

---

गोदाकाठ

सगळं वाचलं. चांगलं चाललंय. पण एक बोलू का?

लक्ष्मीबाई, टिळक, रमाबाई. कोणी अजून बाबा पदमनजींचं नाव घेतलं नाही, तेही घेतील. सगळी थोर माणसं, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण सगळी उच्च जातीतून आलेली. मराठी ख्रिस्ती समाज म्हणजे एवढेच का? नगर, राहुरी, श्रीरामपूर, जालना या पट्ट्यातल्या कुठल्याही मंडळीत रविवारी जाऊन बसा आणि बघा, बाकांवर कोणाची नातवंडं बसली आहेत. आम्ही महार-मांग वाड्यातून आलो. १८७६–७८ च्या दुष्काळात आणि नंतरच्याही. आमच्यावर पुस्तकं नाहीत, कारण आमच्या पणज्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणजे जिवंत पुस्तकांची यादी केली की आम्ही आपोआप मेलेले.

आणि आमच्याबद्दल जे बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. "भाकरीसाठी बाटले." मी हे शाळेत ऐकलं, माझ्या मुलाने गेल्या वर्षी ऐकलं. त्याने घरी येऊन विचारलं, खरं आहे का? मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, भाकरी नव्हती, हे खरं. ज्याने भाकरी दिली त्याच्याकडे गेले, हेही खरं. पण दुष्काळ संपला, पाऊस पडला, भाकरी परत मिळायला लागली, तरी ते परत गेले नाहीत. याचं काय ते तूच शोध.

मग त्याला आत्याकडे नेलं. वय वर्षं ऐंशीच्या पुढे. तिच्याकडे पत्र्याची पेटी आहे. पेटीत पणजोबांचं शास्त्र, म्हणजे बायबल, कडा कुरतडलेल्या, पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने गिरवलेलं नाव. आडनाव नाही, फक्त नाव. अक्षर इतकं मोठं आणि वाकडं की पोरगं हसलं. आत्या म्हणाली, "हसू नको. चाळिशीत शिकला तो. विहिरीवर पाणी भरू देत न्हवते, त्याला पाटी दिली मिशनच्या साळंत. पहिल्या दिवशी पाटी छातीशी धरून झोपला, असं माझा बाप सांगायचा."

हे कुठल्या यादीत बसतं ते मला माहीत नाही. तुमच्या त्या मेसनबाईंच्या व्याख्येत एक माणूस, विषयावर जीव असलेला, असं आहे ना? माझी आत्या बसते त्यात. तुमच्या मंडळीतही अशा आत्या असतील. त्या मेल्या की पुस्तक गेलं.

आणखी एक, मुलं मोठी झाली की १९५० चा राष्ट्रपतींचा आदेशही वाचा. ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीचं आरक्षण नाही. जात मात्र कुठे जात नाही, ना गावातून ना चर्चमधून. चर्चमधलंही सांगा. दावीदाचं सांगता तसं.

---

नगरी_खिडकी

गोदाकाठ, बोलणं लागलं. आणि लागायलाच हवं होतं. 'ज्ञानोदय' हे मिशनचं मराठी नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. त्याच्या जुन्या अंकांत पुढच्या दुष्काळांतल्या गावांची नावं, बाप्तिस्म्यांच्या बातम्या सापडतात. बाप्तिस्म्याची रजिस्टरंही अनेक मंडळ्यांकडे आहेत, पाळकांना विचारलं तर दाखवतात. माझ्या यादीत ही रजिस्टरं पहिल्यांदा आली नाहीत, हे माझं चुकलं.

---

ओसरी

गोदाकाठदादा, उत्तर लिहून तीनदा पुसलं. आभार एवढंच लिहिते. पुढचं करून सांगते.

---

ओसरी

(तीन आठवड्यांनी)

परत आले. काय काय झालं ते सांगते.

अमेरिकन यादी फेकून दिलेली नाही. लखनौचं प्रकरण पुन्हा काढलं नाही, नियम म्हणजे नियम. पण 'स्मृतिचित्रे' सुरू केली. आजोबांच्या फाशीचं वाचलं, त्यानंतर लेक 'सांगायला' बसली तेव्हा सासरे मुद्दाम झोपाळ्यावर येऊन बसले, पेपर न घेता. तिने सगळं सांगितलं. कुठेही 'आपले लोक' म्हणाली नाही, 'ते' असंही म्हणाली नाही. नावं घेतली फक्त. नाना, आई, आजोबा. जुनं_बाड यांचा प्रश्न विचारला : लिहिणाऱ्या बाईंना कसं कळलं? म्हणाली, "घरात कोणीतरी हळू आवाजात सांगितलं असेल." हळू आवाजात हे तिने कुठून आणलं कोण जाणे.

सासूबाईंचे माहेरचे लोक राहुरीकडचे. मी लग्न होऊन पंधरा वर्षं या घरात आहे आणि त्यांच्या आजीचं नाव मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. लेकीने शतकांच्या वहीत एकोणिसाव्या शतकाच्या पानावर तिला काढलं आहे, वर रमाबाई, शेजारी ती. चेहरा नाही काढला, फोटोच नाही म्हणून. डोक्यावर घागर काढली आणि घागरीला प्रश्नचिन्ह. पाणी कुठून आणायची ते सासूबाईंनाही माहीत नव्हतं, म्हणून. येत्या महिन्यात राहुरीला जाऊन विचारायचं आहे. एक चुलतआजी आहे, ऐकू कमी येतं, पण बोलते भरपूर.

नुकसान एवढंच झालं : लेकीला प्रश्न पडला की नाना मीठ धुवायचे तर ते विरघळत कसं नव्हतं? पुस्तकात त्याचं उत्तर सापडेना. मी भांडी घासत होते तेवढ्यात दोघांनी पिठाच्या चाळणीत मीठ घेऊन नळाखाली धरलं. बारीक मीठ भसकन गेलं, अख्खी पिशवी. मग सासऱ्यांनी वाण्याकडून खडेमीठ आणून दिलं, स्वतः जाऊन. ते भराभर धुतलं तर निम्म्याहून जास्त उरतं. उरलेलं आता ताटात पसरून उन्हात ठेवलं आहे आणि धाकटा त्याच्यावर पहारा देतो आहे, कोणी शिवू नये म्हणून.